फोटोतल्या बाईचं नाव

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दारव्हा तालुक्यातल्या एका लहान गावात सार्वजनिक वाचनालय आहे. तिथे मी चौदा वर्षांपासून ग्रंथपाल आहे. ‘ड’ वर्गाचं वाचनालय. एक खोली, तीन कपाटं, एक लांब टेबल आणि रोजची पाच वर्तमानपत्रं, त्यातलं एक तुमचं. सकाळच्या एसटीनं गठ्ठा येतो, मी शिक्का मारून अंक टेबलावर मांडते. म्हणजे गावात तुमचा अंक सगळ्यांत आधी माझ्याच हातात पडतो. पण पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, आणि त्याला कारण एक फोटो आहे.

गेल्या नोव्हेंबरात तुमच्या जिल्हा पानावर चार कॉलमी फोटो आला होता. पांढरंशुभ्र फुटलेलं वावर, कमरेला ओटी बांधलेल्या, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेल्या तीन बायका. पुढची बाई कॅमेऱ्याकडे पाहून हसते आहे. खाली ओळ होती, ‘पांढऱ्या सोन्याची वेचणी करताना महिला मजूर.’

वाचनालयात दर रविवारी सातवी ते दहावीच्या मुलींचा गट जमतो. त्या रविवारी आठवीतल्या एकीनं फोटोवर बोट ठेवलं. “ताई, हे त आमचं वावर हाय. अन् हे माही माय.” बाकीच्या मुली टेबलावर वाकल्या. खरंच तिची माय होती. पोरीला आधी आनंद झाला, मग तिनं खालची ओळ वाचली. “मजूर काऊन लिवलं? वावर त आमचं हाय.” मी म्हटलं, फोटो काढणाऱ्याला माहीत नसेल बाई. त्यावर ती म्हणाली, “त्यानं इचारलं असतं त मायनं सांगतलं असतं.”

त्याच पानाच्या तळाशी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात होती. त्यात पासपोर्टएवढे चाळीसेक चेहरे, प्रत्येकाच्या खाली नाव आणि पद. शुभेच्छुक म्हणून तालुक्यातल्या कोणत्या प्रभागाचा कोण उपाध्यक्ष आहे, हे त्या पानावरून कळत होतं. वरच्या तीन बायकांपैकी एकीचंही नाव कळत नव्हतं. जाहिरातीचे पैसे असतात आणि फोटोला जागा तुम्ही फुकट देता, हे मला समजतं. मुलींना मी तसं सांगितलंही. पण पान एकच आहे, आणि मुलगी अख्खं पान पाहते.

संध्याकाळी मी त्या मुलीच्या घरी गेले. तिची आई नुकतीच वावरातून आली होती, कापसाचं गाठोडं ओसरीत होतं. मी विचारलं, फोटोखाली काय लिहायला पाहिजे होतं? मालकीण? ती म्हणाली, “मालकीन कुठली बाप्पा, सातबाऱ्यावर त सासऱ्याचं नाव हाय.” मग मजूर लिहिलं ते बरोबर? “मजुरी कोन देते मले?” थोडा वेळ ती बोटांना रुतलेले पऱ्हाटीचे काटे पाहत बसली. मग म्हणाली, “कास्तकारीन लिवा.”

संपादक महोदय, पेरणीच्या वेळी सरकी टोबणं, निंदण, खत देणं आणि वेचणी, ही कपाशीची कामं आमच्याकडे बहुतेक बायकाच करतात. २०११ च्या जनगणनेत देशातल्या कामकरी बायकांपैकी दर शंभरात सुमारे पासष्ट शेतीत होत्या. त्यातल्या चोवीस स्वतःच्या शेतीवर आणि एक्केचाळीस शेतमजूर. तरी ‘शेतकरी’ म्हटलं की वर्तमानपत्रात चित्र येतं ते धोतर-टोपीतल्या माणसाचं, आभाळाकडे पाहणाऱ्या. आमच्या गावात तसा एक म्हातारा उरला आहे. बाकीचे शर्ट-पँट घालतात, आणि वावरात दिवसभर दिसतात त्या बायका.

हा रविवारचा गट सुरू झाला तेव्हा माझ्या डोक्यात इतकं काही नव्हतं. मुलींना वाचायची सवय लागावी एवढंच होतं. पुस्तकं त्या घरी नेत आणि न वाचता परत आणत. वर्तमानपत्र मात्र उभ्या उभ्या चाळत. म्हणून मी रद्दी काढून दिली, कात्री दिली, मैद्याची खळ करून ठेवली आणि म्हटलं, बाईचा फोटो दिसला की कापा. वाचनालयाच्या चिटणीसांनी हरकत घेतली, कारण रद्दीचे पैसे येतात. शेवटी तीन महिन्यांहून जुने अंकच कापायचे, असं ठरलं. वेचणीच्या दिवसांत मुली रविवारी स्वतःच वावरात असतात, तेव्हा आम्ही दुपारी चारला बसतो आणि दिवेलागणीच्या आत उठतो. नाहीतर घरचे पाठवत नाहीत.

भिंतीवर दोन मोठे कागद लावले. एकावर नाव छापलेल्या बायका, दुसऱ्यावर बिननावाच्या. नावाच्या कागदावर नट्या, मंत्री, खेळाडू आल्या. बिननावाच्या कागदावर पाणी भरणाऱ्या, रांगेत उभ्या असलेल्या, मोर्च्यात ओरडणाऱ्या, पुरात घर गेलेल्या, सभेत ‘महिलांची लक्षणीय उपस्थिती’ म्हणून बसलेल्या. हा कागद आठ दिवसांत भरला, खाली दुसरा जोडावा लागला. मग एका मुलीच्या लक्षात आलं की आपल्या गावातल्या बायकांची पूर्ण नावं छापून येतात ती एकाच ठिकाणी, निधनवार्तेत. आजीच्या वेळची बातमी तिनं जपून ठेवली होती. वयाच्या ऐंशीव्या वर्षी आजीचं नाव पहिल्यांदा पेपरात आलं, आणि ते पाहायला आजी नव्हती.

हे आमच्याच तालुक्याचं नाही, हे मुलींना कळावं म्हणून मी त्यांना जगभर होणाऱ्या एका मोजणीबद्दल सांगितलं. १९९५ पासून दर पाच वर्षांनी अनेक देशांतल्या संस्था आणि संशोधक एकाच ठरलेल्या दिवसाच्या बातम्या घेऊन मोजतात की बातम्यांत कोण दिसतं, कोणाचं म्हणणं येतं. २०२० साली ११६ देशांत ही मोजणी झाली. बातम्यांत दिसणाऱ्या, बोलणाऱ्या माणसांत बायका होत्या शंभरात पंचवीस. १९९५ साली सतरा होत्या. पंचवीस वर्षांत आठ वाढल्या. मुली म्हणाल्या, आपण जे करतो तेच त्या लोकांनी केलं. हो, तेच. फक्त त्यांच्याकडे खळ नसेल.

एका फोटोबद्दल मात्र लिहिताना हात जड होतो. यवतमाळ जिल्ह्याचं नाव देशभर ज्या कारणानं गेलं ते तुम्हाला सांगायला नको. शेतकऱ्यानं जीव दिला की घरी कॅमेरे येतात. गटातल्या एका मुलीच्या मावशीकडेही नऊ वर्षांपूर्वी आले होते. भिंतीवरची तसबीर काढून तिच्या मांडीवर ठेवायला लावली, लहान लेकराला शेजारी बसवलं, पदर नीट घे म्हणाले. तो फोटो छापून आला. मावशीनं तो जपून ठेवला नाही, पण भाचीला तो आठवतो. त्यानंतर मावशीनं चार एकर वावर एकटीनं केलं, सोसायटीचं कर्ज फेडलं, तूर स्वतः मोजून बाजार समितीत नेऊन विकली, अडत्याशी वजनावरून भांडली. याचा फोटो काढायला नऊ वर्षांत कोणी आलं नाही. मुलगी म्हणाली, “पेपरात मावशी अजून तशीच बसेल हाय.” मी तुम्हाला दोष द्यायला हे लिहीत नाही. तो फोटो छापला गेला म्हणून सरकार हललं असेल, मदत मिळाली असेल. पण दुसरा फोटोही काढा. बाई त्या दिवशी थांबलेली नसते.

जाहिराती आम्ही भराभर उरकल्या, कारण मुलींना त्यातलं आधीच बरंच कळतं. गोरं करणारी एक क्रीम १९७५ पासून देशात विकली जाते. २०२० साली तिच्या नावातला ‘गोरेपणा’ काढला. काळ्या-सावळ्या रंगाला कमी लेखणारी जाहिरात करू नये, असा नियम जाहिरातदारांच्या मंडळानं २०१४ साली केला. हे सांगितल्यावर एकीनं वधूवर सदर पुढे केलं. तिथे ‘गोरी, सुंदर, गृहकृत्यदक्ष’ अजून जागेवर होती. नियम क्रीमच्या जाहिरातीला आहे, लग्नाच्या छोट्या जाहिरातीला कोण लावणार? तो तुम्ही लावू शकता, असं मला वाटतं. पैसे देणाऱ्यानं लिहिलेला प्रत्येक शब्द छापलाच पाहिजे असं नाही.

मालिकांसाठी आम्ही अमेरिकेतल्या अ‍ॅलिसन बेक्डेल या व्यंगचित्रकार बाईंची १९८५ सालची एक साधी कसोटी वापरली. गोष्टीत दोन तरी बायका आहेत का, त्या एकमेकींशी बोलतात का, आणि पुरुषाशिवाय दुसऱ्या कशाबद्दल बोलतात का. मुलींनी आठवडाभर संध्याकाळच्या मालिका वहीत उतरवल्या. बायका भरपूर होत्या, बोलणंही भरपूर. पण बोलणं नवऱ्याचं, दिराचं, सासऱ्याच्या इस्टेटीचं. एकीनं लिहिलं होतं, ‘या घरात एवढ्या बाया आहेत पण कोणाच्या हाताला पीठ लागत नाही.’ मला ती ओळ फार आवडली.

एका रविवारी मी स्वतः अडखळले. गुन्ह्याच्या बातमीत पीडित मुलीचं नाव नव्हतं. पण गाव होतं, ती कितवीत शिकते ते होतं, वडील काय करतात ते होतं. दीड हजार वस्तीच्या गावात आणखी काय सांगायचं उरतं? माझ्या मुलींना ती कोण हे वाचता वाचताच कळलं, त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसलं. ती मुलगी पुढे शाळेत आली नाही. लैंगिक अत्याचारांपासून मुलांना संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम २३ सांगतं की मुलाचं नावच नाही, पत्ता, फोटो, कुटुंबाची माहिती, शाळा, शेजार, ओळख पटेल असं काहीही छापू नये. ही बातमी तुमच्या अंकातली नव्हती. तरी तुमच्या तालुका वार्ताहरांना हे कलम एकदा वाचून दाखवा, अशी माझी हात जोडून विनंती आहे. शहरात गाव छापलं तरी माणूस गर्दीत लपतो. आमच्याकडे नाही. नाव कुठे छापायचं आणि कुठे झाकायचं, याची आमच्या बाबतीत नेमकी उलटापालट झाली आहे. कापूस वेचणारीचं नाव झाकलं जातं आणि जिला झाकायला पाहिजे तिचा पत्ता छापला जातो.

त्या दिवशी मुलींना असंच घरी पाठवायचं मन झालं नाही. मी त्यांना ताराबाई शिंदे सांगितल्या. ताराबाई आपल्या बुलढाण्याच्या, आमच्या भागातल्याच. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर नवजात मूल मारल्याचा खटला झाला, फाशीची शिक्षा झाली आणि अपिलात ती कमी झाली. पुण्याच्या ‘पुणे वैभव’ या वर्तमानपत्रानं त्यावर बायकांच्या चालचलणुकीवर ताशेरे ओढणारं लिहिलं. बुलढाण्याला बसून ताराबाईंनी ते वाचलं आणि १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक छापून त्याला उत्तर दिलं. विधवेला दुसरं लग्न नाही आणि तिला फसवणाऱ्याला शिक्षा नाही, मग दोष सगळा तिचा कसा, असं त्यांनी विचारलं. त्यांच्यावर टीका झाली. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. पण ताराबाईंनी पुढे पुस्तक लिहिलं नाही, आणि ते पुस्तकही विस्मृतीत गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते शोधून पुन्हा छापलं.

मुली गप्प ऐकत होत्या. नववीतल्या एकीनं विचारलं, “तवा पेपर बुलढान्याले किती दिवसांनी येत असन?” मला माहीत नव्हतं, पण प्रश्न भारी आवडला. कारण तिला ताराबाई दिसल्या होत्या, हातात जुना पेपर घेऊन चिडलेल्या. दुसरी म्हणाली, आपणही लिहू. या पत्राचा विचार तिथून निघाला.

सगळंच चित्र काळं आहे, असं मुलींना वाटू नये याची मी काळजी घेते. गटातली एक मुलगी २०१९ साली दुसरीत होती. त्या वर्षी बालभारतीनं दुसरीचं पुस्तक बदललं. त्यात बाई आणि माणूस दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले होते. तिला ते चित्र अजून आठवतं. “माह्या बाबानं ते चित्र पाह्यलं अन् हासले,” ती म्हणाली. मग थोडं थांबून, “पन मंग एक दिवस लसून सोलून देल्ला.” २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखनं एकोणीस वर्षांची असताना बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. अंतिम लढतीत तिच्यासमोर कोनेरू हंपी होती, म्हणजे पटाच्या दोन्ही बाजूंना भारतीय बायकाच. तुमच्या अंकातली ती बातमी मुलींनी जशीच्या तशी भिंतीवर लावली. तीत डाव कसा फिरला ते लिहिलं होतं, कपड्यांवर, दिसण्यावर एक अक्षर नव्हतं. म्हणजे तुम्हाला असं लिहिता येतं. एवढंच नागपूरच्या चौकटीबाहेर, गावापर्यंत यायला पाहिजे.

आता आम्ही काय केलं ते सांगते. तीन जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, शाळांमध्ये बालिका दिन होतो. भाषणं होतात, मुली नऊवारी नेसून सावित्रीबाई होतात. यंदा वाचनालयात आम्ही वेगळं ठरवलं. प्रत्येकीनं आपल्या आईचा, ती काम करत असताना, मोबाइलवर फोटो काढायचा, त्याची प्रिंट आणायची आणि खालची ओळ स्वतः लिहायची. नाव, काम आणि ते काम ती किती वर्षं करते आहे. आईला विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही. मोबाइल चेहरा आपोआप उजळ करतो, ते बंद करायचं. हे बंद कसं करतात ते मुलींनीच मला शिकवलं.

अडचण आली ती नावाशी. एका आईनं विचारलं, “कोनतं लिवतं? माहेरचं का इकडचं?” लग्नात तिचं नाव बदललं होतं. पोरीला ते माहीतच नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं आईचं जन्माचं नाव ऐकलं. फोटोखाली दोन्ही लिहिली. एका वडिलांनी नाही म्हटलं, बायकोचा फोटो चारचौघांत कशाला. त्या मुलीनं कोरा कागद लावला आणि खाली आईचं नाव आणि ‘अठरा वर्षांपासून रोज दोन टाइमाचा स्वयंपाक, सोयाबीन सोंगणी, शेळ्या’ एवढं लिहिलं. चौथ्या दिवशी वडील स्वतः येऊन ते पाहून गेले. काही बोलले नाहीत.

तीन तारखेला संध्याकाळी वावरातून परतताना बायका आल्या. चौदा वर्षांत त्यातल्या कित्येकींनी या खोलीत पाऊल ठेवलं नव्हतं. चपला बाहेर काढून आत आल्या. एकीनं आपल्या नावावर बोट ठेवून अक्षर अक्षर जोडून वाचलं, मग शेजारणीचं वाचलं. कोणी फार बोललं नाही. एक म्हणाली, माहा फोटो त काळा आला. दुसरी म्हणाली, तू हायेसच काळी. दोघी हसल्या आणि फोटो तसाच राहिला.

माझं मागणं मोठं नाही. तुमच्या छायाचित्रकारांना आणि वार्ताहरांना सांगा की वावरातल्या बाईचा फोटो काढला तर तिला विचारून काढा आणि नाव विचारून या. ती हो म्हणाली तर छापा, नको म्हणाली तर नको. ती स्वतःला मजूर म्हणते की कास्तकारीण, ते तिलाच विचारा. महिला सरपंचाची बातमी असेल तर बोलणं तिचंच घ्या. नवरा शेजारी उभा असेल तर त्याला थोडं थांबायला सांगा. २०११ पासून राज्यात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत, आणि अजून बातमीत ‘सरपंच म्हणाले’ असं वाचायला मिळतं. आणि जमलं तर तुमच्यातल्या कोणी एखाद्या रविवारी आमच्याकडे या. बातमीचा मथळा कोण ठरवतं, फोटो कोण निवडतं, हे मुलींनी तुम्हाला विचारायचं ठरवून ठेवलं आहे. मी त्याचं उत्तर देऊ शकत नाही, तुम्ही देऊ शकता. एसटी दारव्ह्याहून सकाळी साडेनऊला आहे.

मुलींची नावं मी पत्रात घातली नाहीत. त्यांच्या घरच्यांना तसं विचारलेलं नाही. गाव लहान आहे, माझ्या नावावरून त्या ओळखू येतील, म्हणून माझंही नाव आणि गाव छापू नये. दोन्ही तुमच्या माहितीसाठी सोबत दिली आहेत.

एक नाव मात्र छापायचं आहे. नोव्हेंबरातल्या त्या फोटोतल्या तिन्ही बायकांना मी भेटले. दोघींनी नको म्हटलं. पुढच्या, हसणाऱ्या बाईनं हो म्हटलं आणि चिठ्ठीवर स्वतःच्या हातानं नाव लिहून दिलं. आडनाव दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलं आहे, तेच बरोबर आहे. चिठ्ठी या पत्राला टाचली आहे. फोटोची तारीख आणि पान क्रमांक मागे लिहिला आहे. दुरुस्ती छापताना ‘मजूर’ खोडून ‘कास्तकारीण’ करावं.

आपली,
ग्रंथपाल, सार्वजनिक वाचनालय
ता. दारव्हा, जि. यवतमाळ